लहान मुलांची स्नोमोबाईल: चालवण्याआधी थांबवायला शिकवा



हिवाळ्यात रील्स स्क्रोल करताना हा सीन कधीतरी तुमच्यासमोर आला असेल. बर्फाचं मोठं मैदान, खांद्यांपेक्षा रुंद वाटणारं हेल्मेट घातलेलं सहा-सात वर्षांचं पोर, आणि ते एकटंच एक छोटीशी स्नोमोबाईल हाकतंय. खाली दोन पार्ट्या पडलेल्या असतात. एक म्हणते 'काय गोड!', दुसरी म्हणते 'आईबापांना अक्कल आहे का?'

मी याच्यात पडायचं कारण म्हणजे मिनियापोलिसला राहणारा माझा एक कॉलेजचा मित्र. त्याची मुलगी सात वर्षांची. शेजारच्या पोरांकडे अशी मशिन आहे, त्यामुळे घरी रोज हट्ट. त्याने मला एका सेकंडहँड मशिनची लिंक पाठवली आणि विचारलं, "तू मेकॅनिकलवाला ना? बघ जरा, घेऊ का?" आपल्याकडे मेकॅनिकलची डिग्री घेऊन आयटीत कोड लिहिणारे ढिगाने आहेत, मी त्यातलाच. पण त्या निमित्ताने मशिनची मॅन्युअल्स, तिथले नियम आणि डॉक्टरांच्या संघटनांचं म्हणणं असं सगळं वाचून काढलं. त्यातून जे कळलं ते इथे मांडतोय. तुमच्यापैकी कुणाचा दादा, ताई किंवा मामा मिनेसोटा, विस्कॉन्सिन, ओंटारियोकडे असेल तर त्यांना थेट उपयोग होईल. बाकीच्यांना एक मशिन आतून समजेल.

आधी मशिन समजून घेऊ

गुलमर्गला गेलेल्यांनी स्नोमोबाईल पाहिली असेल. पुढे तिथला चालक, मागे आपण. उत्तर अमेरिकेत मात्र ही लोकांची घरची गाडी असते. कॅनडातल्या क्युबेकमध्ये जोसेफ-आर्मांड बॉम्बार्डिए यांनी १९५९ साली 'स्की-डू' बाजारात आणली, आणि बर्फात अडकून पडणाऱ्या गावांना हलकं, एकट्यादुकट्याने चालवता येणारं वाहन मिळालं. मुलांसाठीची मशिनही काही आजची नाही. आर्क्टिक कॅटने १९७२ मध्येच 'किटी कॅट' नावाची ६० सीसीची चिमुकली स्नोमोबाईल काढली होती. म्हणजे आज नातवाला शिकवणारे कितीतरी आजोबा स्वतः त्यावर शिकलेले असतात.

रचना साधी आहे. पुढे दोन स्की, त्या हँडलने वळतात. मागे चाकांऐवजी रबराचा रुंद पट्टा, त्याला ट्रॅक म्हणतात. पोकलेनचा पट्टा डोळ्यासमोर आणा, फक्त लोखंडाऐवजी रबराचा आणि एकच. इंजिन हा पट्टा फिरवतं, पट्टा बर्फाला मागे ढकलतो, गाडी पुढे जाते. रेस द्यायला उजव्या हाताच्या अंगठ्याखाली एक छोटी पट्टी असते. बाईकसारखं मूठ पिळणं इथे नाही. ब्रेकचा लिव्हर डाव्या हाताला.

मोठ्यांच्या मशिन ६०० ते ८५० सीसीच्या, २०० किलोच्या वर वजनाच्या आणि ताशी १५० किमीच्या पुढे जाऊ शकणाऱ्या. मुलांसाठी जी वेगळी मशिन मिळते (पोलारिसची १२० इंडी, आर्क्टिक कॅटची झेडआर १२०, स्की-डूची एमएक्सझेड १२०) ती नावाप्रमाणे साधारण १२० सीसीची, वजन साठ-पासष्ट किलोच्या आसपास, आणि वेग ताशी जेमतेम १३ ते १६ किमी.

आता इथे कुणीही म्हणेल, थांबा, माझी ॲक्टिव्हा तर ११० सीसीची आहे आणि ती ८० ला जाते. मग ही १५ लाच का? कारण तिला मुद्दाम आवळलेलं असतं. गव्हर्नर किंवा इग्निशनमधली मर्यादा इंजिनला ठरावीक फेऱ्यांच्या पुढे जाऊ देत नाही आणि गिअरिंगही हळू चालण्यासाठीच केलेलं असतं. क्लच मात्र ॲक्टिव्हाच्याच तत्त्वावरचा. इंजिन नुसतं सुरू असताना गाडी हलत नाही, रेस दिली की क्लच पकडतो, रेस सोडली की सुटतो. हे लक्षात ठेवा, पुढे शिकवताना सगळा धडा यावरच उभा आहे.

ताशी १५ किमी म्हणजे नक्की किती?

'एवढा हळू वेग, काय होणार?' हा पालकांचा पहिला प्रश्न. जरा बारावीचं फिजिक्स काढू. एखाद्या वेगाने झाडावर आदळणं हे किती उंचीवरून पडण्यासारखं आहे, हे वेगाच्या वर्गाला २g ने भागलं की कळतं. ताशी १५ किमीला उत्तर येतं सुमारे ०.९ मीटर. म्हणजे टेबलावरून पडण्याहून थोडं जास्त. हेल्मेट असेल तर मूल रडेल, मुका मार लागेल, पण बहुतेक वेळा उठून उभं राहील.

वेग दुप्पट करा, ताशी ३०. उंची दुप्पट होत नाही, चौपट होते: साडेतीन मीटर. म्हणजे पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून खाली. आणि ताशी ८० किमीला ती होते २५ मीटर, आठ मजली इमारत. मिनेसोटात सार्वजनिक जागी स्नोमोबाईलची वेगमर्यादा ताशी ५० मैल, म्हणजे याच ८० किमीच्या आसपास आहे.

म्हणून गव्हर्नर ही कंपनीने उगाच घातलेली कुरापत नाही. तो काढून टाकायचे व्हिडिओ यूट्यूबवर मिळतात आणि 'पोराला कंटाळा येतो' म्हणून तो काढणारे बाबाही असतात. फोन रूट करण्याइतकीच ही गोष्ट सहज बोलली जाते. फोन रूट करताना फार तर फोन ब्रिक होतो. सेकंडहँड मशिन घेताय तर पहिला प्रश्न हाच विचारा, की गव्हर्नर मूळचा आहे का. मग स्वतः चालवून नाही, तर कुणी मोकळ्या मैदानात चालवत असताना फोनवर वेग मोजून खात्री करा. स्पीडोमीटर ॲपचा आयुष्यात एकदा तरी खरा उपयोग.

दुसरी बाजू झाकून ठेवत नाही. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स ही अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना स्पष्ट म्हणते की १६ वर्षांखालच्या मुलांनी स्नोमोबाईल चालवूच नये आणि सहा वर्षांखालच्या मुलांना मागेही बसवू नये. कॅनडातल्या बालरोगतज्ज्ञांचं म्हणणंही असंच आहे. दुसरीकडे कंपन्या सहा वर्षांच्या आसपासच्या मुलांसाठी मशिन विकतात. दोघांमध्ये एवढं अंतर का? डॉक्टरांकडे येतात ती अपघात झालेली मुलं, आणि त्यांच्या लेखी स्नोमोबाईल म्हणजे सगळ्या स्नोमोबाईल. कंपनीच्या डोळ्यासमोर असतं सपाट मैदान आणि शेजारी उभा असलेला मोठा माणूस. प्रत्यक्षात मैदान सपाट नसतं आणि मोठा माणूस फोन बघत असतो.

माझं मत विचाराल तर मोठ्यांच्या मशिनचं हँडल मुलाच्या हातात द्यायचा प्रश्नच नाही, 'मी मागे बसतो, तू चालव' हेही नाही. मुलांच्या मशिनवर, स्वतःच्या किंवा ओळखीच्यांच्या मोकळ्या जागेत, पुढे सांगतोय तेवढं सगळं पाळणार असाल तर विचार करा. त्यातलं निम्मंच जमणार असेल तर उतारावरची घसरगाडी तितकीच मजेची आहे. मित्रालाही हेच सांगितलं.

अंगठ्याचा घोळ

शिकवण्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आता. ॲक्टिव्हा शिकणारं कुणीतरी आठवा. गाडी अचानक पुढे जाते, माणूस घाबरून मूठ घट्ट धरतो, घट्ट धरताना रेस आणखी पिळली जाते, दोन्ही पाय घासत घासत गाडी समोरच्या कंपाउंडवर. ब्रेक आहे हे माहीत असतं, तरी हात ऐकत नाही.

स्नोमोबाईलवर हेच अंगठ्याने होतं. मशिन झटक्याने निघते, मुलाचं अंग मागे जातं, ते सावरायला हँडल आवळतं, आणि पंजा आवळला की अंगठाही आत दाबला जातो. म्हणजे रेस वाढते, अंग आणखी मागे जातं, पकड आणखी घट्ट होते. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला पॉझिटिव्ह फीडबॅक लूप म्हणू. नाव गोड आहे, परिणाम नाही. हा लूप मुलाला समजावून सांगून तुटत नाही. सात वर्षांच्या मेंदूत भीतीच्या क्षणी वाक्यं पोहोचत नाहीत, फक्त सवय पोहोचते. म्हणून 'अंगठा उचल' ही सवय मशिन हलायच्या आधीच हातात बसायला हवी.

त्यासाठी पहिला दिवस इंजिन बंद ठेवूनच काढायचा. मूल मशिनवर बसतं, पूर्ण कपडे आणि ग्लोव्हज घालून, कारण जाड ग्लोव्हजमध्ये अंगठा वेगळाच वागतो. तुम्ही म्हणायचं 'दाब', मग 'सोड'. दहा वेळा, वीस वेळा, मध्येच वेगाने, मध्येच गप्प राहून. मग 'सोड' म्हटल्यावर डाव्या हाताने ब्रेकही दाबायचा. 'स्टॅच्यू' खेळताना मुलं जशी जागच्या जागी थिजतात, तसा हा खेळ करा. मुलांना कंटाळा येत नाही, आपल्यालाच येतो.

याच दिवशी पायांचाही धडा घ्यायचा. सायकल शिकलेलं प्रत्येक मूल थांबताना पाय खाली टेकवतं, तीच त्याची खात्रीची गोष्ट असते. इथे ती सवय घातक आहे. चालत्या मशिनवरून पाय बर्फात टाकला तर तो मागे खेचला जातो, गुडघा किंवा घोटा पिळवटतो. दोन्ही पाय कडेच्या फूटबोर्डवरच, मशिन पूर्ण थांबेपर्यंत. मशिनला दोन स्की आणि रुंद पट्टा आहे, ती सायकलसारखी आडवी पडणार नाही. हे मुलाला बाजूने मशिन हलवून दाखवा, नुसतं सांगू नका.

लाल दोरी आणि तिच्यामागचा सर्किट

मुलांच्या मशिनवर एक टेदर कॉर्ड असते. एका टोकाला टोपी, ती मशिनवरच्या स्विचवर बसते. दुसरं टोक मुलाच्या जॅकेटला अडकवायचं. मूल पडलं की दोरी खेचली जाते, टोपी निघते, इंजिन बंद. ट्रेडमिलवर जी लाल क्लिप असते आणि जी आपल्यातलं कुणीही कधी लावत नाही, तीच कल्पना. याशिवाय हँडलवर एक वेगळा बंद करायचा स्विच असतो.

आता इंजिनिअर म्हणून एक गोष्ट खुपते ती सांगतो. आपल्याला वाटतं की दोरी निघाली म्हणजे वीज तुटली आणि इंजिन बंद पडलं. बऱ्याच छोट्या इंजिनांत उलटं असतं. त्यांच्या ठिणगीला बॅटरी लागत नाही, फिरणाऱ्या चुंबकातून ती स्वतःच तयार होते. त्यामुळे इंजिन बंद करायला ती वीज एका वायरने इंजिनच्या धातूच्या अंगाला जोडून 'अर्थ' करावी लागते. स्विच म्हणजे ही जोडणी. आता विचार करा, उंदराने ती वायर कुरतडली, किंवा जोड गंजला. मशिन अगदी मस्त सुरू होईल, मस्त चालेल, फक्त दोरी ओढल्यावर बंद होणार नाही. सुरक्षेची सोय बिघडलीये हे तुम्हाला कळायला काही मार्गच नाही, दोरी ओढून बघण्याशिवाय.

म्हणून प्रत्येक वेळी, म्हणजे खरोखर प्रत्येक वेळी, मूल बसायच्या आधी मोठ्या माणसाने इंजिन सुरू करायचं आणि दोरी ओढायची. बंद पडलं? पुन्हा सुरू करून हँडलवरचा स्विच दाबायचा. बंद पडलं? मग पुढे. यातलं एक जरी चुकलं तर त्या दिवशी घसरगाडी.

दोरी कुठे अडकवताय तेही बघा. जॅकेटच्या चेनच्या लोंबत्या पट्टीला अडकवली तर पट्टीच तुटून येईल आणि टोपी जागेवरच राहील. मजबूत लूप हवा. आणि दोरी इतकी लांब नको की मूल मशिनमागे फरफटत जाईपर्यंत ती ताणलीच जाणार नाही.

बाजारात रिमोटने इंजिन बंद करणारे किटही मिळतात, बटण पालकाच्या हातात. टेक साईट आहे म्हटल्यावर मला ते आवडावेत अशी अपेक्षा असेल. जोडीला असेल तर चांगलंच आहे, पण दोरीच्या जागी नको. दोरीला चार्जिंग लागत नाही, रेंज लागत नाही, आणि तिचा ट्रिगर मूल पडणं हाच आहे. रिमोटला आधी तुम्ही बघायला हवं, मग समजायला हवं, मग ग्लोव्हजमधून बटण शोधायला हवं. ताशी १५ किमी म्हणजे सेकंदाला चार मीटरहून जास्त. तुम्हाला दीड सेकंद लागला तर मशिन सहा मीटर पुढे गेलेली असते. शिवाय उणे तापमानात बॅटरी कशी वागते हे फोन वापरणाऱ्याला सांगायला नको.

दोरीसोबत आणखी एक तपासणी: थ्रॉटल. इंजिन बंद असताना अंगठ्याची पट्टी दाबून सोडा. ती टचकन परत यायला हवी. रात्री बाहेर उभ्या मशिनमध्ये वितळलेलं पाणी केबलमध्ये गोठतं आणि रेस दाबलेल्या जागीच अडकते. अशा वेळी मुलाने अंगठा उचलला तरी उपयोग नाही. मघाची सगळी सवय वाया.

मैदानात

जागा सपाट, मोकळी आणि तुम्ही पायी फिरून बघितलेली हवी. बर्फ सगळं झाकतो: झाडाचे बुंधे, दगड, शेताच्या कुंपणाची तार. तार सगळ्यात वाईट, कारण ती मुलाच्या मानेच्या उंचीवर येऊ शकते. पार्किंग लॉट सपाट दिसतो पण तिथे दिव्यांचे खांब असतात, आणि बर्फ झाडून काढला असेल तर खाली डांबर. स्कीला वळायला बर्फ लागतो. कडक बर्फाच्या काचेवर किंवा डांबरावर हँडल फिरवलं तरी मशिन सरळच जाते.

गोठलेलं तळं मिनेसोटात सगळीकडे आहे आणि ते जगातलं सगळ्यात सपाट मैदान वाटतं. शिकवण्यासाठी ते नकोच. तिथल्या नैसर्गिक साधनसंपत्ती खात्याची, म्हणजे डीएनआरची, सूचना आहे की माणसाला चालायला किमान ४ इंच आणि स्नोमोबाईलला ५ ते ७ इंच नवा, स्वच्छ बर्फ हवा, आणि तरीही कुठलाच बर्फ शंभर टक्के सुरक्षित धरू नये. पांढरट, बर्फवृष्टीतून तयार झालेला बर्फ त्याहून कमकुवत असतो. एकाच तळ्यात इथे दहा इंच आणि पन्नास पावलांवर दोन इंच असू शकतं. मूल हे ओळखू शकत नाही, नवा आलेला देशी माणूसही नाही.

पहिली चाल सरळ रेषेत. दोन खुणा लावा, पंधरा-वीस पावलांच्या अंतरावर. मूल एका खुणेपासून निघतं, दुसऱ्या खुणेआधी अंगठा उचलतं, मशिन थांबते. बस. रेस सोडली की क्लच सुटतो आणि बर्फाच्या घर्षणाने ही हलकी मशिन लवकर थांबते, त्यामुळे अंगठा उचलणं हाच पहिला ब्रेक. हातातला ब्रेक नंतर, हळूहळू दाबायचा. एकदम आवळला तर ट्रॅक जाम होतो आणि मशिन घसरत जाते.

तुम्ही कुठे उभं राहायचं? समोर कधीच नाही. व्हिडिओ काढायच्या नादात बाबालोक नेमके समोर उभे राहतात आणि मूल कॅमेऱ्याकडे बघत कॅमेऱ्याकडेच येतं. मागेही नाही, फिरता ट्रॅक दगड आणि बर्फाचे तुकडे मागे फेकतो. बाजूला, थोडं पुढे, मुलाला तुमचा हात दिसेल असं. हेल्मेट आणि इंजिनच्या आवाजात तुमची हाक ऐकू जात नाही, तेव्हा घसा फोडू नका. हाताच्या खुणा आधी ठरवा. डावा हात सरळ वर म्हणजे थांब, ही तिकडे सगळ्यांचीच खूण आहे. तीच वापरली तर पुढे मोठेपणी ट्रेलवर उपयोगी पडते. मुलाला कल्पना न देता मध्येच हात वर करायचा, आणि ते थांबलं की शाबासकी. हा खेळ रोज.

मग वळणं. स्कीवर वजन असेल तरच त्या बर्फात धरतात, आणि लहान मुलाचं वजन ते किती. वळताना रेस कमी, अंग आतल्या बाजूला, नजर जिथे जायचंय तिथे. नजरेचं विशेष सांगतो. मोकळ्या मैदानात एकच झाड असेल तर मूल नेमकं त्याच झाडावर जातं, कारण ते त्याच झाडाकडे टक लावून घाबरलेलं असतं. म्हणून 'झाडाकडे जाऊ नको' असं सांगू नका. 'त्या लाल बादलीकडे बघ' सांगा.

सरळ, थांबणं, दोन्हीकडे वळणं नीट जमलं की एक दिवस मुलालाच हळू चालत्या मशिनवर दोरी ओढायला लावा. दोरी ओढली की काय होतं हे त्याला हातातून माहीत हवं, तरच भीतीच्या वेळी ते ओढेल.

एका वेळी पंधरा-वीस मिनिटं पुरे. त्याचं कारण थंडी. उणे १० तापमानात ताशी १५ किमीचा वारा अंगावर आला की उघड्या त्वचेला ते उणे १७ सारखं लागतं, आणि मशिन चालत असली की हा वारा फुकटात मिळतो. बोटं बधिर झाली की अंगठा उचललाय की नाही हे मुलालाच कळत नाही. 'थंडी वाजतेय का?' विचारलं तर मजेत असलेलं कुठलंही मूल 'नाही' म्हणणार. घड्याळावर विश्वास ठेवा.

कपड्यांचं थोडक्यात: आत सुती काही नको, घामाने भिजलं की सुतीच अंग गारठवतं. लोंबता मफलर अजिबात नको, तो फिरत्या भागात अडकतो. त्याऐवजी गळ्यात बसणारा निमुळता गेटर. हेल्मेट फुलफेस, मुलाच्या मापाचं. 'दोन वर्षं चालेल' म्हणून मोठं घेतलेलं हेल्मेट डोळ्यांवर घसरतं आणि कोवळ्या मानेवर भार टाकतं. मिनेसोटात १८ वर्षांखालच्या सगळ्यांना हेल्मेट कायद्यानेच सक्तीचं आहे. आणि इंजिन गरम करायला मशिन बंद गॅरेजमध्ये सुरू ठेवू नका, धुरातला कार्बन मोनॉक्साईड दिसत नाही आणि वासही येत नाही.

मैदानाबाहेर कधी?

मुलांची १२० सीसी मशिन सार्वजनिक ट्रेलवर न्यायचीच नाही. नुसता कायद्याचा प्रश्न नाहीये. ट्रेलवर मोठ्या मशिन ताशी ६०-७० किमीने वळणावरून येतात, आणि १५ च्या वेगाने चाललेलं, कमरेएवढं उंच काहीतरी त्यांना शेवटच्या क्षणी दिसतं. मैदानातही आजूबाजूला इतर मशिन असतील तर मागे उंच काठीवर भगवा-नारंगी झेंडा लावा.

कायदा राज्यागणिक बदलतो. मिनेसोटात १९७६ नंतर जन्मलेल्यांना स्नोमोबाईल सेफ्टी सर्टिफिकेट लागतं. कोर्स अकराव्या वर्षी करता येतो, पण सर्टिफिकेट लागू होतं बारा पूर्ण झाल्यावर. विस्कॉन्सिनमध्ये १ जानेवारी १९८५ किंवा त्यानंतर जन्मलेल्या, बारा वर्षांवरच्या सगळ्यांना ते लागतं. ओंटारियोत ट्रेलवर चालवायला किमान बारा वर्षं आणि लायसन्स, तर सार्वजनिक रस्त्यावरून किंवा रस्ता ओलांडून न्यायला सोळा. त्यामुळे नवीन ठिकाणी राहायला गेलात तर तिथल्या राज्याचं किंवा प्रांताचं पान उघडून वाचा. शेजाऱ्याचा मुलगा नेतो म्हणजे चालतं, असं नसतं.

खरी परीक्षा येते ती आठ-नऊ वर्षांच्या आसपास. १२० वर मूल सराईत झालेलं असतं, गुडघे हँडलला लागायला लागतात, आणि मग २०० सीसीच्या मशिनची मागणी येते. आर्क्टिक कॅट, स्की-डू, यामाहा या तिघांनीही त्या वर्गात मशिन काढलेल्या आहेत. ती जास्त जड आणि जास्त वेगवान, आणि मघाचं गणित आठवा, वेग थोडा वाढला तरी आदळण्याची उंची झपाट्याने वाढते. उंची वाढली म्हणून मोठी मशिन, हे बूट घेण्याचं लॉजिक झालं. मी तीन गोष्टी बघीन: न सांगता दोरी लावतं का, हात वर केला की प्रत्येक वेळी थांबतं का, आणि थंडी वाजली किंवा भीती वाटली की स्वतःहून सांगतं का. तिसरी सगळ्यात अवघड आहे.

आणि मशिन उभी करताना टोपीसकट ती दोरी काढून घ्या. टोपीशिवाय इंजिन सुरू होत नाही, म्हणजे हाच तुमचा पासवर्ड. तो मशिनवर लटकत ठेवला तर शनिवारी सकाळी तुम्ही झोपेत असताना दोन पोरं मिळून गॅरेजचं दार उघडतील. दोरीची जागा मोठ्या माणसाच्या जॅकेटच्या आतल्या खिशात, आणि ते जॅकेट मुलाचा हात पोहोचणार नाही अशा खुंटीवर.